सुई, संचारबंदी आणि आपण

१ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला हल्ला झाला. शिरूर-दौंडच्या आपल्या वस्त्यांत आम्ही फुटलेल्या गाड्या मोजल्या, दाखल गुन्हे मोजले. पण बंदच्या काळात कुणाची एआरटीची गोळी चुकली, हे आम्ही विचारलंच नाही.

मणिपूरला हा प्रश्न आधीच पडला होता. १९८० मध्ये राज्यभर लागू झालेला अफ्स्पा, शेजारच्या म्यानमारमधून येणारं हेरॉईन. १९८९-९० मध्ये काही महिन्यांतच सुईने नशा करणाऱ्या तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास एचआयव्ही सापडला. आधी त्यांना तुरुंगात डांबलं. १९९६ ला राज्याने धोरण आणलं: स्वच्छ सुया द्या. पुढे बुप्रेनॉर्फिन आलं. जिभेखाली ठेवायची ही गोळी सहसा रोज केंद्रावर जाऊन घ्यावी लागते. संचारबंदी लागली की गोळी चुकते, अंग मोडून येतं आणि माणूस पुन्हा दुसऱ्याची सुई उचलतो. ३ मे २०२३ नंतर तिथे किती दिवस संचारबंदी होती, आठवा!

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ नुसार संसर्ग टाळण्यासाठी सुई देणं गुन्हा नाही. तरी आपल्यातलेच काही जण नशेत अडकलेल्या पोराला ‘समाजाला कलंक’ म्हणतात. हा शब्द आपल्या तोंडी? येत्या १ जानेवारीच्या नियोजनात पाणी-जेवणाच्या यादीत रोजच्या औषधांचीही सोय लिहा.