पत्र, भाषण, अर्ज, प्रबंध : आनंदीबाई जोशींची इंग्रजी

१/ डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, हे शाळेतच सर्वांना कळते. मात्र ज्या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले, तिने वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी इंग्रजीत वैद्यकीय प्रबंध कसा लिहिला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या प्रश्नाचा हा मागोवा.

२/ ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव पोस्ट खात्यात नोकरीला होते. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. त्या हट्टाला क्रौर्याचीही बाजू होती. लहानपणी सोसलेल्या माराविषयी आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांना स्पष्ट शब्दांत लिहिले.

३/ कोवळ्या वयात त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हा विचार या दुःखातून पक्का झाला. आता इंग्रजी हा केवळ पतीने लादलेला अभ्यास उरला नाही. वैद्यकाचे शिक्षण ज्या दाराआड होते, त्या दाराची ती किल्ली झाली.

४/ पहिली पायरी पत्रांची. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याशी केलेला पत्रव्यवहार तिकडच्या नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी तो १८८० मध्ये वाचला आणि थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला.

५/ या पत्रांत बालविवाह, हिंदू चालीरीती, स्त्रियांचे आरोग्य असे विषय येत. वाचणारी बाई हिंदुस्थान कधीही न पाहिलेली. घरात ज्याचा अर्थ कोणी विचारत नाही, ते तिच्यासाठी मुळापासून उलगडून सांगावे लागे. पाठांतराचे शब्द येथे अपुरे पडतात. नेमका शब्द शोधावाच लागतो.

६/ दुसरी पायरी भाषणाची. परदेशगमनाचा बेत कळताच टीकेचा भडिमार सुरू झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अठरावे वर्ष पुरे होण्याआधी, आनंदीबाई बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या.

७/ त्या भाषणाची बांधणी पाहण्याजोगी आहे. लोक विचारत ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले : अमेरिकेला का? येथे सोय नाही का? एकटीनेच का? परतल्यावर जातिबहिष्कार होणार नाही का? संकट ओढवले तर? जे कोणत्याही स्त्रीने केले नाही, ते तुम्हीच का? मग एकेकाचे उत्तर. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही आपल्या शास्त्रचर्चेची जुनी रीत. इंग्रजी निबंधालाही तीच उपयोगी पडते.

८/ तिसरी पायरी अर्जाची. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. जूनमध्ये अमेरिकेत पोहोचताच त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित आपण पूर्ण करणार नाही, हे त्यांनी लपवले नाही. आपली तयारी सांगितली आणि पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींचे दुःख मांडले. प्रवेश मिळाला.

९/ चौथी पायरी प्रबंधाची. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी अमेरिकन पाठ्यपुस्तकांबरोबर आयुर्वेदाच्या ग्रंथांचाही आधार घेतला. येथे भाषेची दिशा उलटली. इंग्रजीतून ज्ञान घेणारी विद्यार्थिनी आता आपल्याकडचे ज्ञान इंग्रजीत नेत होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

१०/ कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई तो पदभार घेऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकवीस.

११/ चारही पायऱ्यांना एक सूत्र आहे. आनंदीबाईंनी केवळ सरावासाठी इंग्रजी लिहिली नाही. प्रत्येक वेळी समोर खरा वाचक वा श्रोता होता आणि त्याला पटवून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. शब्दसंग्रह, वाचन, मांडणी ही त्या गरजेमागून आली.

१२/ रुग्णसेवेचे स्वप्न अपुरे राहिले, लेखन उरले. कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा दोघींच्या हाताशी आनंदीबाईंची पत्रे होती. कधीकाळी एका अनोळखी बाईला आपला देश समजावा म्हणून लिहिलेले ते शब्दच आज आपल्याला आनंदीबाई समजावून देतात.