लाजेचें दुखणें



भिवंडीजवळच्या पूर्णा गांवीं आज जिकडे पाहावें तिकडे गुदामें दिसतात. तेथें दिवसभर ओझीं वाहणारे विशीपंचविशीचे तरुण पाहिले म्हणजे मला सुश्रुतसंहितेंतील एक स्थळ आठवतें. त्या ग्रंथाच्या निदानस्थानांत, बाराव्या अध्यायांत, वृद्धीचे सात प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकीं अंत्रवृद्धीचीं, म्हणजे ज्याला आपण अंतर्गळ म्हणतों त्याचीं, कारणें सांगतांना ग्रंथकार भार वाहणें, आपल्याहून बलवानाशीं झुंजणें व झाडावरून पडणें यांचा उल्लेख करितो. वृषणकोशांत पाणी सांचलें तर शिवणीच्या बाजूस शस्त्रानें छिद्र पाडून तें नळीवाटे काढावें, हा उपायही पुढें चिकित्सास्थानांत दिला आहे. संकोचाला त्या वर्णनांत कोठें जागाच नाहीं.

त्याच अध्यायांत श्लीपद, म्हणजे हत्तीरोग, येतो. हें शेजार योगायोगाचें असेल. परंतु १८६३ सालीं पॅरिसमध्यें दमार्के नांवाच्या शस्त्रवैद्यास अंडवृद्धीच्या पाण्यांतच सूक्ष्म कृमि आढळले, आणि १८७७ सालीं चीनमधील तेव्हांच्या अमॉय बंदरांत पॅट्रिक मॅन्सन यांनीं त्यांची वाढ डासाच्या शरीरांत होतांना पाहिली. हत्तीरोग व पुष्कळशी अंडवृद्धि यांचें मूळ एकच निघालें!

जुन्या ग्रंथांतील हा मोकळेपणा आमच्या सुशिक्षित घरांत मात्र उतरला नाहीं. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें मुंबईंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. इतरत्र विचारतां न येणाऱ्या शंका वाचक त्यांना पत्रानें विचारीत, व ते छापील उत्तरें देत. अशा उत्तरांवरूनच १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दोनशें रुपये दंड झालाच. कर्व्यांचीं सर्वच मतें मला पटतात असें नाहीं. पण तरीही त्यांनीं मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालविलें, हें विसरतां येत नाहीं.

मी स्वतः शरीरशास्त्र शिकवितांना 'तें पान घरीं वाचा' म्हणून पुढें जात असें. त्याची आज खंत वाटते. वृषणाला पीळ पडला तर एकाएकीं असह्य वेदना होतात, ओकारी येते. आणि हें विशेषेंकरून बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत घडतें. रक्त तुटलेला तो अवयव साधारण सहा तासांच्या आंत शस्त्रक्रिया झाली तर बहुधा वाचतो. आईला कसें सांगावें, या विचारांत मुलगा रात्रभर तळमळत राहिला, तर सकाळीं डॉक्टरच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.

कर्करोगाची तऱ्हा उलटी. त्याची कठीण गांठ बहुधा दुखतच नाहीं. आपल्या देशांत तो विरळा. पण जो होतो तो पुष्कळदां पंधरा ते पस्तीस या वयांत, आणि लहानपणीं वृषण खालीं न उतरलेल्यांस त्याचा धोका अधिक. १९६५ सालीं अमेरिकेंत बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा परिणाम पाहत असतां, प्लॅटिनमच्या संयुगानें त्यांचें विभाजन थांबतें असें त्यांस दिसलें. त्यांतूनच सिस्प्लॅटिन हें औषध निघालें व १९७८ सालीं तेथें मान्य झालें. त्यापूर्वीं शरीरभर पसरलेला हा रोग बहुधा प्राण घेई; आतां तशा अवस्थेंतही बहुतेक रोगी बरे होतात. परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून उभें आहे, आणि पूर्णा गांवाहून तें कांहीं परदेशीं नाहीं.

तरुणांनीं ऊन पाण्याच्या स्नानानंतर आपला नेहमीचा आकार हातास ओळखीचा करून घ्यावा. एक बाजू किंचित् मोठी वा खालीं असणें स्वाभाविक आहे, आणि मागें लागणारी मऊ दोरीही. नवी गांठ, जडपणा किंवा ओझें उचलतांना जांघेंत येणारा फुगवटा मात्र त्याच आठवड्यांत डॉक्टरला दाखवावा. एकाएकीं कळ आली, तर त्याच घटकेस.