वायकिकीचे गुरू आणि त्यांचे नवशिके

सर्फिंग, म्हणजे फळीच्या आधाराने फुटत्या लाटेसरशी किनाऱ्याकडे घसरत येण्याचा खेळ. तो शिकू पाहणाऱ्या पहिल्या परकीयांपैकी एकाने आपली फजिती स्वतःच लिहून ठेवली आहे. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन १८६६ साली हवाई बेटांवर गेले असता होनाउनाउ येथे त्यांनी तेथील लोकांना हा खेळ खेळताना पाहिले आणि स्वतःही एक फळी घेतली. फळी योग्य जागी होती, क्षणही योग्य साधला होता. परंतु फळी एकटीच किनाऱ्याला लागली आणि स्वार नाकातोंडात पाणी जाऊन तळाशी गेला, असे ते आपल्या १८७२ सालच्या 'रफिंग इट' ह्या पुस्तकात सांगतात. ही विद्या हवाईच्या मूळ रहिवाशांवाचून कोणास साध्य होणार नाही, असा निर्वाळाही ते देऊन टाकतात. वाचक हसतो आणि पान उलटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे थोडे थबकावे. ट्वेन यांच्या वृत्तांतात फळी आहे, लाट आहे, प्रेक्षक आहेत. शिकविणारा मात्र कोठेच नाही.

हवाईच्या भाषेत ह्या खेळास 'हेए नालू' म्हणतात. हेए म्हणजे घसरणे, नालू म्हणजे लाट. कॅप्टन कुक यांचा वध १७७९ च्या फेब्रुवारीत केआलाकेकुआच्या उपसागरात झाला. त्यांचे सहकारी लेफ्टनंट जेम्स किंग यांनी त्याच उपसागरातील लाटांवरील स्वारांचे वर्णन आपल्या रोजनिशीत केले आहे. अनुभवी खलाशांनाही धडकी भरावी अशा पाण्यात नऊ-दहा वर्षांची मुले-मुली खुशाल खेळत होती, हे पाहून त्याच मोहिमेतील डेव्हिड सॅमवेल चकित झाले. शिक्षणाचे सारे मर्म ह्या नोंदीत आहे. तेथील मूल प्रथम 'पाइपो' नावाची आखूड फळी घेऊन पोटावर पडून काठालगतच्या फेसात खेळे. मोठेपणी त्याच्या हाती 'अलाइया' येई. 'ओलो' ही लांबलचक, जड फळी सरदार-घराण्यांची. फळीसाठी झाड तोडताना मुळांपाशी कुमू नावाचा तांबडा मासा अर्पण करून प्रार्थना करीत. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, असे आपण म्हणतो. परंतु त्या मुलांच्या भोवती पाण्यात त्यांचे सारे गावच असे, हे विसरून चालणार नाही.

मग ही परंपरा क्षीण कशाने झाली? १८२० साली बोस्टनहून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी ती बंद पाडली, असे पुष्कळदा ठोकून दिले जाते. त्यांचे अग्रणी हायरम बिंगहॅम यांनी १८४७ सालच्या ग्रंथात हा आरोप नाकारला आहे. फळ्यांचा वापर कमी झाला तो विनय, उद्योग आणि धर्म वाढल्यामुळे, त्यासाठी कोणी जाचक कायदे केले नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हा बचाव आरोपाइतकाच अपुरा आहे, असे मला वाटते. जुनी 'कापू' म्हणजे धर्मनिषेधांची व्यवस्था राजदरबाराने मिशनरी येण्यापूर्वीच, १८१९ साली, मोडून काढली होती. तिच्याबरोबर खेळांचा मोठा वार्षिक उत्सव 'माकाहिकी' हाही ओसरला. परंतु खरा घाला रोगराईचा होता. बाहेरून आलेल्या साथींनी काही लाखांची मूळ प्रजा शतकाअखेरीस ४०,००० च्या आसपास आणून सोडली. संत डेमियन १८७३ साली ज्या मोलोकाईच्या कुष्ठवसाहतीत गेले, ती ह्याच दुःखाचा एक भाग होती. ज्या गावात बापलेक दोघेही साथीत गेले, तेथे लाट कोणी कोणास दाखवावी? तरीही ही विद्या मेली नाही. १८८५ साली कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांता क्रूझ येथे रेडवुडच्या फळ्या घडवून तेथील लाटांवर स्वारी केली. १८९३ मध्ये त्यांचे राज्य उलथविण्यात आले आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेस जोडली गेली. तरी वायकिकीच्या पाण्यात फळ्या दिसतच होत्या.

अशा वेळी, १९०७ च्या उन्हाळ्यात, प्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन वायकिकीस आले. त्यांना दोन शिक्षक लाभले: एक अलेक्झांडर ह्यूम फोर्ड हे नव्यानेच आलेले उत्साही पत्रकार, आणि दुसरा जॉर्ज फ्रीथ, तेविशीचा तरुण, ज्याच्या आईकडून हवाईयन रक्त आले होते. फोर्ड यांनी लंडनना प्रथम उथळ पाण्यातील लहान लाटांवर नेले, फळीवर पालथे निजविले आणि लाट येताच मागून ढकलले. किती वेळ वाट पाहायची, कोणती लाट सोडायची, केव्हा हात मारायचे, हे नवशिक्याला कळत नाही. म्हणून तो निर्णय पहिल्या दिवशी गुरूच घेतो. दुसऱ्या दिवशी खोल पाण्यात फ्रीथने अंगावर येणाऱ्या मोठ्या लाटेस तोंड कसे द्यावे, हे त्यांना समजावून दिले. लंडन चार तास पाण्यात राहिले. उद्या उभे राहूनच येईन, असा त्यांचा निश्चय होता. पण दुसरा दिवस उन्हाने भाजलेल्या अंगाने बिछान्यात गेला, आणि तेथूनच त्यांनी तो लेख लिहिला. तो त्याच वर्षी 'वूमन्स होम कम्पॅनियन' मासिकात आला आणि अमेरिकेत ह्या खेळाचा बोलबाला झाला.

लंडन यांनी फ्रीथचे नाव लिहिले, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे. पुढे मात्र फोर्ड आणि लंडन यांनी सर्फिंगचे 'पुनरुज्जीवन' केले, अशी वाक्ये रूढ झाली. जे बुडालेच नव्हते त्याला वर काढल्याचे श्रेय घेणे सोपे असते. फोर्ड यांच्या पुढाकाराने १९०८ साली स्थापन झालेल्या आउटरिगर कनू क्लबात प्रामुख्याने गोऱ्यांचाच भरणा होता. १९११ साली उभा राहिलेला 'हुई नालू' हा संघ प्रामुख्याने हवाईयनांचा.

फ्रीथ त्याच १९०७ साली कॅलिफोर्नियास गेला. रेल्वेमालक हेन्री हंटिंग्टन यांनी रेडोंडो येथे लोक आकर्षित करण्यासाठी त्याला ठेवले आणि त्याची जाहिरात 'पाण्यावर चालणारा माणूस' अशी झाली. आपल्या वाचकांना ही जाहिरात थोडी खटकेल. पण तो माणूस तिच्याहून मोठा निघाला. डिसेंबर १९०८ मध्ये व्हेनिसजवळ वादळात सापडलेल्या जपानी कोळ्यांना वाचविण्यासाठी तो थंड पाण्यात पुन्हा पुन्हा शिरला. त्याबद्दल त्याला जीवरक्षणाचे सुवर्णपदक मिळाले. पोहणे, पाण्यातून जीव वाचविणे आणि लाटेवर उभे राहणे ह्या तिन्ही गोष्टी त्याने तेथील मुलांना शिकविल्या. १९१९ च्या एप्रिलमध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, वयाच्या ३५ व्या वर्षी तो सॅन डिएगोत वारला. त्याच्या आईच्या लोकांना ज्या तऱ्हेच्या साथींनी गिळले, तशाच एका साथीने त्यालाही नेले.

त्याआधीच हुई नालूचा ड्यूक कहानामोकू हा ऑलिंपिकविजेता जलतरणपटू १९१४ च्या अखेरीस सिडनीस गेला होता. तेथे त्याने शुगर पाइनच्या लाकडाची फळी घडविली. फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिके दाखविताना त्याने इझाबेल लेदम ह्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या फळीवर पुढे घेतले. लाटेच्या माथ्यावरून खाली पाहताच ती घाबरली. तेव्हा ड्यूकने मानगूट धरून तिला उभे केले, असे ती पुढे सांगत असे. पुढील आयुष्यात इझाबेलने सॅन फ्रान्सिस्को व सिडनी येथे अनेकांना पोहायला शिकविले. ड्यूकची ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबने जपून ठेवली आहे.