चौकटीतली खूण आणि चलातला आकडा

१/ पडद्यावरच्या लहानशा चौकटीवर आपण क्लिक करतो, बरोबरची खूण उमटते आणि त्याच क्षणी प्रोग्रॅमच्या स्मृतीत ० चा १ होतो. एकाच गोष्टीच्या या दोन नोंदी. त्यांत तफावत पडली तर खरी कोणती मानावी? दफ्तरे चाळणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. संगणकाच्या इतिहासात त्याला मिळालेल्या एका उत्तराची ही हकिकत. 🧵

२/ १९८० च्या दशकात युनिक्सवर खिडक्या रचायच्या म्हणजे सी भाषेत लिहायचे. चौकट बदलली की चालणारे फंक्शन प्रोग्रॅमरनेच रचावे, नवी स्थिती चलात उतरवावी. चल बदलले तर चौकट पुन्हा रंगवावी, तेही त्यानेच. एक ओळ राहिली की पडदा एक सांगे, स्मृती दुसरेच.

३/ बर्कलीचे प्राध्यापक जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ च्या आरंभी टीसीएल ही छोटी भाषा लिहायला घेतली (उच्चार ‘टिकल’, म्हणजे गुदगुल्या!). त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्या जोडीला टीके हा खिडक्यांचा संच सुरू झाला.

४/ टीकेची खुबी अशी, की चौकटीला चल दिले जात नाही, चलाचे फक्त नाव दिले जाते. त्या नावाच्या चलावर चौकट पहारा बसवते. टीसीएलमध्ये याला ‘ट्रेस’ म्हणतात. क्लिक केले की चलात १ किंवा ० जातो. उलट, प्रोग्रॅमने चलात १ लिहिला की पहारेकरी चौकटीला जागे करतो आणि ती स्वतःला रंगवून घेते. दोन चौकटींना एकच नाव दिले, तर दोन्ही एकदमच बदलतात. म्हणजे अस्सल नोंद चलातली, पडद्यावरची केवळ नक्कल. माझ्या मते टीकेच्या यशात या साध्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. औस्टरहाउट यांना या कामासाठी १९९७ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

५/ पुढे स्टीन लुमहोल्ट आणि गुइडो व्हान रॉसम यांनी टीके पायथॉनमध्ये आणले, तेच टीकिंटर. येथे अडचण उभी राहिली. पायथॉनमधले नाव म्हणजे मूल्याला लावलेली चिठ्ठी. चिठ्ठी दुसरीकडे चिकटवली तरी कोणाला वर्दी जात नाही. म्हणून इंटव्हार, बूलियनव्हार अशा डब्या घडवाव्या लागल्या. मूल्य ‘गेट’ने वाचायचे, ‘सेट’ने लिहायचे. प्रत्यक्ष मूल्य मात्र आजही आतल्या टीसीएलच्याच चलात राहते.

६/ यातूनच नवशिक्यांना छळणारी चूक जन्मते. डबी फंक्शनच्या आत निर्माण केली आणि बाहेर कुठेच जपली नाही, तर फंक्शन संपताच पायथॉन तिला केर समजून झाडतो. सोबत टीसीएलमधले चलही पुसले जाते. चौकटीपाशी उरते नुसते नाव, आणि आधी उमटवलेली खूण गायब. मीही यात एक अख्खी रात्र घालवली आहे. उपाय एका ओळीचा: डबी ‘सेल्फ’वर ठेवा.

७/ खात्री करायची असेल तर पहिलीच डबी ‘गेट’ न वापरता छापून पाहा. १ किंवा ० दिसणार नाही; दिसेल ‘पीवाय_व्हार०’, टीसीएलमधल्या त्या चलाचे नाव.