पूल ‘सुरक्षित’ आहे म्हणजे नक्की काय?

मी दिवसभर कोड लिहितो. काही फुटलं की रोलबॅक मारतो, झालं. पुलाला रोलबॅक नसतो, म्हणून आजचा भाग पुलांवर.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्रीला पूर आलेला. मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या अंधारात प्रवाशांसकट नदीत गेल्या. नंतर कळलं, त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती. तेव्हा धोका सांगितला गेला नव्हता.

मग तपासणाऱ्यांनी डोळेझाक केली का? थांबा, आधी दुसरी गोष्ट ऐका.

अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज, तोही १९२८ चाच. १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या गर्दीत तो पडला. ४६ माणसं गेली. कारण काय, तर एका पोलादी पट्टीच्या भोकापाशी साधारण अडीच मिलिमीटरची भेग. सांधा सुटा केल्याशिवाय ती दिसणंच शक्य नव्हतं. पट्ट्या जोडीने होत्या. एक तुटली आणि सगळा पूल गेला. त्यानंतर १९७१ मध्ये अमेरिकेत पूल-तपासणीचे देशव्यापी नियम आले.

आता थोडी थिअरी, घाबरू नका. १९४० च्या दशकात आल्फ्रेड फ्रॉइडेंथाल या इंजिनिअरने मांडलं की पुलावरचा भार हा एक पक्का आकडा नसतो, आणि पुलाची ताकदही नसते. दोन्ही कमीजास्त होतात. म्हणून ‘पडेल का?’ असं नाही, तर ‘भार ताकदीच्या वर जाण्याची शक्यता किती?’ असं विचारायचं.

यात काळ मिसळा. पूल झिजतो, गाड्या जड होतात, आणि जितकी वर्षं जास्त, तितकी एखादा मोठा पूर गाठण्याची शक्यता जास्त. तपासणीने आपला अंदाज सुधारतो. शक्यता शून्य होत नाही. शिवाय मे महिन्यातली सावित्री आणि ऑगस्टमधली सावित्री एक नसते.

गणपतीला आम्ही त्याच रस्त्याने गावी जातो. नवा पूल २०१७ मध्येच झाला. तरी आता कुणी ‘पूल सुरक्षित आहे’ म्हणालं, की मी विचारतो: किती वर्षांसाठी? केवढ्या पुरापर्यंत? आणि काय तपासायचं राहिलं?

तुमच्या गावच्या पुलाबद्दल तुम्हीही विचारा. भेटू पुढच्या भागात!