रोषणाईचे कंट्रोलर : सुरक्षित वीजजोडणी

गणेशोत्सव भाद्रपदात येतो, तेव्हा पाऊस पुरता ओसरलेला नसतो. वसई खाडीलगतच्या भाईंदर शहरातील गोडदेवसारख्या दमट हवेच्या भागात मंडप, मखर आणि कमानींची रोषणाई ओल्या वातावरणातच करावी लागते. माळा आळीपाळीने लावणाऱ्या-विझवणाऱ्या अनेक चॅनेलच्या कंट्रोलरची जोडणी म्हणूनच हिशेबाने व्हायला हवी.

कंट्रोलर दोन प्रकारचे असतात. पहिला २३० व्होल्टवर चालणारा 'चेसर'. यातील इलेक्ट्रॉनिक स्विच दोनपैकी एकच तार तोडतो. त्यामुळे विझलेली माळ वीजमुक्त असतेच असे नाही. तिला हात लावण्यापूर्वी प्लग काढणे अनिवार्य आहे.

दुसरा प्रकार १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांचा. यात धक्क्याचा धोका कमी, पण तारा तापून आग लागण्याचा धोका अधिक. आठ चॅनेलवर प्रत्येकी २४ वॅटच्या पट्ट्या असतील, तर प्रत्येक चॅनेलमधून २ अँपिअर प्रवाह वाहतो. मात्र सर्व दिवे एकदम लागताच सामाईक तारेतून १६ अँपिअर जातो. चॅनेलच्या बारीक तारेचा तुकडा तेथे वापरल्यास तो वितळू शकतो.

अशा १९२ वॅटच्या भारासाठी किमान २४० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र फ्यूज असावा. भार दोन एसएमपीएसवर विभागल्यास त्यांची ऋण टोके एकत्र जोडावीत, धन टोके मात्र वेगळीच ठेवावीत. लांब तारेत दोन व्होल्ट घटले तरी १२ व्होल्टचे दिवे मंदावतात. म्हणून एसएमपीएस पट्ट्यांजवळ, पण कोरड्या आणि हवेशीर जागी बसवावा. त्यावर कापड वा थर्माकोल येऊ देऊ नये.

२३० व्होल्टच्या बाजूला योग्य क्षमतेचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग आवश्यक आहे. एमसीबी अतिरिक्त प्रवाह तोडतो. माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाणारा अत्यल्प प्रवाह मात्र आरसीसीबीच ओळखतो. त्याचे 'टेस्ट' बटण रोषणाई सुरू करण्यापूर्वी दाबून पाहावे.

सार्वजनिक मंडपासाठी वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्यावी आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे. खांबावर आकडा टाकून वीज घेणे हा विद्युत अधिनियम, २००३ अन्वये गुन्हा आहे. शिवाय अशा जोडणीत आरसीसीबी किंवा अर्थिंगची खात्री नसते आणि पहिला धोका मंडपातील कार्यकर्त्यांनाच पोहोचतो.