ट्राउटमान, बर्ट

ट्राउटमान, बर्ट : (२२ ऑक्टोबर १९२३ – १९ जुलै २०१३). इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबचा जर्मन गोलरक्षक. पूर्ण नाव बर्नहार्ड कार्ल ट्राउटमान. जन्म ब्रेमेन येथे. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मन हवाई दलाच्या छत्रीधारी तुकडीत होता. पूर्व आघाडीवर तो लढला आणि त्याला आयर्न क्रॉस हे शौर्यपदकही मिळाले. ब्रिटिशांनी कैद केल्यावर त्याची रवानगी लँकेशरमधील युद्धकैद्यांच्या छावणीत झाली आणि तेथेच तो गोलमध्ये उभा राहू लागला. १९४८ मध्ये मायदेशी न परतता तो सेंट हेलेन्स टाउन या लहानशा संघाकडून खेळू लागला.

ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले, तेव्हा शहरात निषेधाचे मोर्चे निघाले. मँचेस्टरमध्ये ज्यू वस्ती मोठी होती. हंगामी तिकिटे परत करण्याच्या धमक्या आल्या. स्वतः जर्मनीतून परागंदा झालेले रब्बी अलेक्झांडर आल्टमान यांनी मात्र जाहीर पत्र लिहून, एका देशाच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नका, असे आवाहन केले. सिटीचा कर्णधार एरिक वेस्टवुड नॉर्मंडीत लढलेला सैनिक होता. खेळाडूंच्या खोलीत ट्राउटमानचे स्वागत त्यानेच केले. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलमविरुद्ध सिटी हरली, पण सामना संपल्यावर प्रेक्षकांनी उभे राहून या जर्मनासाठी टाळ्या वाजवल्या.

ट्राउटमानचे नाव निघाले की ५ मे १९५६ चा एफए कप अंतिम सामना आठवतो. बर्मिंगहॅम सिटीच्या पीटर मर्फीच्या पायाशी झेपावताना त्याच्या मानेला जबर मार बसला. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती, त्यामुळे उरलेली पंधराएक मिनिटे तो तसाच खेळला आणि सिटीने ३–१ असा विजय मिळवला. काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत मानेचा एक मणका दुभंगल्याचे कळले. त्याच वर्षी फुटबॉल लेखकांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले. हा मान मिळवणारा तो पहिला गोलरक्षक. पुढे काही आठवड्यांतच त्याचा लहानगा मुलगा मोटारीच्या धडकेत दगावला.

मोडलेल्या मानेची ही गोष्ट इतकी गाजली की त्याचा खेळ तिच्याआड झाकला गेला. त्या काळातले इंग्लिश गोलरक्षक चेंडू हाती आला की लाथेने दूर भिरकावत आणि पुढे तो कोणाला मिळेल हे नशिबावर सोपवत. ट्राउटमान चेंडू हाताने फेकत असे, तोही लांब आणि नेमका. डॉन रेव्ही हा सिटीचा सेंटर फॉरवर्ड मागे येऊन चेंडू घेई आणि तिथून चढाई रचली जाई. या ‘रेव्ही प्लॅन’ची पहिली पायरी बहुतेकदा ट्राउटमानचा हात असे. गोलरक्षकापासून चढाई सुरू करण्याची आज सर्वमान्य असलेली पद्धत तो तेव्हाच वापरत होता, आणि फुटबॉलच्या इतिहासात त्याचे खरे मोल याच गोष्टीत आहे.

१९६४ पर्यंत सिटीसाठी तो ५४५ सामने खेळला. परदेशात खेळत असल्यामुळे पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघात मात्र त्याला कधीच जागा मिळाली नाही. निवृत्तीनंतर त्याने जर्मन फुटबॉल संघटनेच्या वतीने बर्मा, टांझानिया, लायबेरिया इत्यादी देशांत प्रशिक्षण दिले. २००४ मध्ये त्याला ओबीई किताब मिळाला. स्पेनमध्ये वॅलेन्शियाजवळ त्याचे निधन झाले.